विमान पोलीस ठाण्यात घ्या

एका घराला दोन जावई असले की त्यातला एक थोरला असतो आणि दुसरा मी असतो.

लिंबागणेशजवळच्या माझ्या सासरवाडीत ही व्यवस्था माझ्या लग्नाआधीपासून ठरलेली आहे. पाट आधी थोरल्याला, टॉवेल-टोपी आधी थोरल्याला, आमरसाची दुसरी वाटी न विचारता थोरल्याला आणि विचारून मला. थोरले म्हणजे माझे साडू. सिरसाळ्याकडं त्यांची काळी जमीन, दावणीला पाहत राहावीत अशी जनावरं, आणि मिशा अशा की ठाण्यात गेले तर हवालदार आधी उठून उभा राहील आणि मग कोण आलंय ते पाहील. माझं घाटनांदूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. मिशी मीही ठेवून पाहिली होती. बायको म्हणाली, चहा सांडल्यासारखं दिसतंय. काढून टाकली.

तरी इतकी वर्षं मी निभावून नेलं, कारण साडूंकडं नव्हती अशी एक वस्तू माझ्याकडं होती. मला गोष्ट सांगता येते. जेवणं उरकली, सुपारीचं ताट फिरलं की सासरे खाकरायचे आणि म्हणायचे, "हां, धाकलं पाव्हणं, होऊ द्या आता." मग बायका दारात येऊन बसायच्या, पोरं मोबाइल पालथे ठेवायची आणि साडू भिंतीला टेकून ऐकायचे. त्या तेवढ्या वेळापुरता मी थोरला असायचो.

माझी हुकमी गोष्ट एसटीची. आमच्या भागात एसटीत कुणाचं पाकीट गेलं, कुणी बाईमाणसाला त्रास दिला, की मागून एक आवाज येतो, "गाडी पोलीस ठाण्यात घ्या." आणि ड्रायव्हर सगळ्या प्रवाशांसकट, गाठोड्यांसकट, गाडी ठाण्याच्या आवारात नेऊन उभी करतो. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय मला माहीत नाही. पण आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हा आपला हक्क वाटतो. माझ्या गोष्टीत एक म्हातारा धनगर घोंगड्यात आदल्या दिवशी जन्मलेलं करडू घेऊन चढतो, कंडक्टर त्याला ढकलत ढकलत दारापर्यंत नेतो, आणि एक अनोळखी बाई उठून ते वाक्य म्हणते. मी मागच्या सीटवर होतो. माझं काम एवढंच की मी "बरोबर हाय" म्हणालो, तेही तिसऱ्या माणसानं म्हटल्यावर. पण सांगताना मी कंडक्टरचा, म्हाताऱ्याचा, हवालदाराचा आणि करडाचा आवाज काढतो. करडाला टाळ्या पडतात.

अशी सगळी घडी बसलेली असताना साडूंच्या लेकीचं लग्न जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाशी झालं, आणि एका उन्हाळ्यात साडू आणि माझी थोरली मेव्हणी, म्हणजे आमची आक्का, विमानानं लेकीकडं गेले. मीही विमान पाहिलं आहे, खालून. त्यांनी फोटो पाठवले. बर्फातला फोटो, नदीकाठचा फोटो, एका मोठ्या थोरल्या गाईशेजारी त्या गाईच्याच रुबाबात उभे असलेले साडू. मी प्रत्येक फोटोला अंगठा दाखवत होतो. अंगठा दाखवताना तोंड कसं आहे ते समोरच्याला दिसत नाही, ही त्या सोयीची मोठी सोय आहे.

ते परत यायच्या दिवशी आम्ही जेवत होतो आणि बायकोचा फोन वाजला. ती ऐकत ऐकत उभी राहिली. मग फोन छातीशी धरून म्हणाली, "दाजींना पोलिसांनी विमानातून उतरवलं."

मी काळजीचे सगळे प्रश्न विचारले. कामून उतरवलं, आक्का कुठं हाय, मारलं-बिरलं तर नाही. सगळे विचारले आणि उत्तरं ऐकत ऐकत एक भाकरी जास्त खाल्ली. ती भाकरी बायकोनं पाहिली. तिच्या बोलण्यात ती भाकरी पुढं वर्षभर येत राहिली.

साडू-आक्का पुढच्या विमानानं सुखरूप परतले, आणि लागलीच धोंड्याचा महिना लागला. अधिकात सासरे दोन्ही जावयांना बोलावतात, पुरण घातलेले धोंडे खाऊ घालतात. त्या दिवशी घरात आमच्याखेरीज शेजारपाजारचेही बसले होते. जेवणं झाली, सुपारी फिरली. सासरे खाकरले. मी मांडी सावरली. सासरे म्हणाले, "हां, थोरलं पाव्हणं, होऊ द्या."

आणि साडूंनी सांगितलं.

त्यांची सीट विमानाच्या पार मागं होती. त्यांच्याही मागं, अगदी शेवटच्या रांगेत, सगळ्यांच्या आधी आणून बसवलेला एक तरणा माणूस होता. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड शिपाई, साध्या कपड्यातले. माणसाचे हात पट्ट्यानं बांधलेले. त्याला तिथलं सरकार देशाबाहेर काढत होतं. कागद संपले असतील नाहीतर अर्ज फेटाळला असेल, साडूंना ते कुणी सांगितलं नाही. आधी तो नुसता रडत होता. मग मोठ्यानं बोलायला लागला. बोली हिंदीच्या जवळची, साडूंना कळण्यासारखी. आमच्याकडं निजामाच्या काळापासून ती कानावरची. तेव्हा त्या दोघांनी त्याचं डोकं धरून गुडघ्यात दाबलं आणि एकानं मानेवर कोपर टेकवलं. तो खालून म्हणत होता, श्वास येत नाही.

आजूबाजूला काहींनी कानात गाण्याची बोंडं घातली. एका बाईनं हवाईसुंदरीला हाक मारली. ती येऊन सांगून गेली की हा पोलिसांचा मामला आहे, आपण पट्टा लावून बसा. विमान हलायला लागलं होतं. आक्का साडूंचा शर्ट धरून बसली होती, कारण ती त्यांना ओळखते.

"आपन बैलाला नाल मारताना पाडतो," साडू म्हणाले. "पाय बांधतो, समदं करतो. पर मानंवर कुनी बसत न्हाई. बसलं तर बैल जातो. मला वाटलं, ह्यांना कुनी सांगितलंच नसंल."

मग साडू उठले. शर्टाची शिवण उसवली, ती आक्कानं नंतर सगळ्यांना दाखवली. हवाईसुंदरी धावत आली, बसा म्हणाली. साडू हात जोडून पण उभ्या उभ्याच म्हणाले, त्या मानसाला सोडा. ती पुन्हा बसा म्हणाली. एवढं बोलून साडू थांबले, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "काय बोलावं ते सुचंना. मंग मला तुमची एष्टी आठवली, साडूभाऊ. मी म्हनलं, बाई, गाडी पोलीस ठाने में लो."

घर खदाखदा हसलं. सासऱ्यांना ठसका लागला. साडू हसले नाहीत, त्यामुळं लोक आणखी हसले. ही युक्ती मी वीस वर्षांत शिकू शकलेलो नाही. आणि पुढचं ऐका. चार-दोन माणसं साडूंमागं उभी राहिली. वैमानिकाचा आवाज आला. चालतं विमान वळलं आणि खरंच जागेवर परत आलं. खरंच पोलीस चढले.

"आन् मलाच घेऊन गेले," साडू म्हणाले.

'तुमची एष्टी' म्हटल्याबरोबर सगळ्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं होतं. मग माना परत फिरल्या. त्यांच्या गोष्टीत मी होतो खरा, पण लग्नपत्रिकेत खाली 'आणि समस्त परिवार' असतो तसा. माझी एसटी, माझं वाक्य, माझी इतक्या वर्षांची मेहनत, हे सगळं घेऊन माणूस आभाळात गेला आणि तिथं ते वापरून आला. मी एसटीत बसल्या जागेवरून "बरोबर हाय" म्हणालो होतो. त्यावर मी वीस वर्षं सुपारी खाल्ली.

त्या दिवशी करडाचा आवाज काढा, असं कुणी म्हणालं नाही.

यानंतर जे झालं ते आमच्या जिल्ह्यात होणारच होतं. सिरसाळ्याच्या चौकात बॅनर लागला. मधे फेटा बांधलेले साडू, मागं विमान, आणि विमानापेक्षा मोठा आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा फोटो. सत्काराचं सूत्रसंचालन माझ्याकडं आलं, कारण फुकटात बोलणारा घरचाच माणूस होता. मी 'धैर्य' या विषयावर चांगली तयारी केली होती. पुढारी उशिरा आले, त्यांना पुढं तेराव्याला जायचं होतं, तेव्हा माझ्या वाट्याला "आता शाल" आणि "आता श्रीफळ" एवढंच आलं. दुकानात गिऱ्हाईक सोयाबीनची पिशवी चाचपत विचारायचं, "तुमीच का त्या विमानवाल्याचे साडू?" मी हो म्हणायचो आणि उगवणशक्तीबद्दल बोलायला लागायचो. ते म्हणायचं, ते ऱ्हाऊ द्या, मानेवर खरंच बसले व्हते का?

बायकोचं वेगळंच. तिनं साडूंची स्तुती केली असती तर मी भांडलो असतो. ती नुसती भाजी निवडता निवडता म्हणायची, "दाजी उठले बघा." पुढं काही नाही. मी दुकानातून दमून येऊन बसलो की मला ऐकू यायचं, दाजी उठले बघा.

मग विमान कंपनीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात लेकीला दिवस गेल्याचा फोन आला.

पत्रात लिहिलं होतं की चालत्या विमानात उभं राहून सूचना न पाळल्याबद्दल आपल्याला विमानप्रवासाला बंदी का घालू नये, याचा खुलासा कंपनीच्या समितीपुढं करावा. आणि फोनवर लेक म्हणाली होती, आई, तू आणि बाबा येणार ना. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेकीला येणं शक्य नसेल तर माहेरानं उठून तिकडं जायचं, असं आक्कानं त्याच दिवशी ठरवून टाकलं. आक्काला एकटीला जाणं जमण्यासारखं नव्हतं. मधे विमान बदलायचं, कागद दाखवायचे, आणि मागच्या खेपेचा धसका अजून गेला नव्हता. साडूंना बंदी झाली तर आक्काचंही जाणं अडलं, इतकी सरळ गोष्ट होती.

आम्ही अंबाजोगाईला बायकोच्या मामेभावाकडं गेलो. तो वकील आहे. त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. विमानाचं दार लागलं की आत वैमानिकाचा शब्द कायदा. आपण कितीही खरे असलो तरी पट्टा सोडून उभं राहायचं नाही. उभं राहिल्यानं इतरांच्या जिवाला धोका, तिथं आपली बाजू पडते. पण तोंड कुणी बांधलेलं नाही. बसल्या जागेवरून हाक मारता येते, हे वैमानिकाला कळवा असं सांगता येतं, त्या माणसाला डॉक्टर दाखवा म्हणता येतं, शिपायांची नावं विचारता येतात, उतरल्यावर लेखी तक्रार देता येते. दार लागायच्या आधी तर मला या विमानानं जायचं नाही म्हणून उतरताही येतं. "दाजी," तो म्हणाला, "तुमचं विचारणं चुकलं नाही. तुमचं उभं राहणं चुकलं. माफी मागायची तर तेवढ्याचीच मागा."

साडू म्हणाले, "बसून ईचारलं असतं तर विमान वळलं असतं का?"

वकील म्हणाला, "ते मी लेखी देऊ शकत नाही." मीही मनात तोच प्रश्न विचारत होतो, पण वेगळ्या आशेनं.

जर्मनीहून जावयाचा निरोप आला. मुलगा हुशार, सरळ. त्याचं म्हणणं, वकिली कीस पाडण्यापेक्षा संपूर्ण माफी मागून मोकळं व्हावं. भाषा कळली नाही, गैरसमज झाला, कुणालाही त्रास होत नव्हता, असं लिहून द्यावं. समितीलाही तेच बरं वाटेल, बंदी नावापुरती होईल आणि बाळंतपणाला दोघं वेळेत पोहोचतील. आक्काला ते पटलं. साडू हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खुलासा लिहायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या घरातले सगळे अर्ज, श्रद्धांजल्या आणि मंगलाष्टकं मीच लिहितो.

सांगायला हरकत नाही, मी तो खुलासा मन लावून लिहिला. 'अर्जदार हा ग्रामीण भागातील, वयस्कर, परकीय भाषांचे ज्ञान नसलेला व घाबरट प्रकृतीचा इसम असून' अशी सुरुवात केली. 'घाबरट'पाशी थोडा थांबलो, चहा मागवला, आणि 'अत्यंत' घातलं. पुढं अर्जदाराला चक्कर आल्याचं लिहिलं. चक्कर माझी. ज्या माणसाच्या मिशांनी माझी वीस वर्षं झाकली होती, तो माझ्या कागदावर पट्टा कसा सोडावा हेही न कळणारा एक बापुडा झाला. शेवटी जावयाचं वाक्य मी माझ्या भाषेत बसवलं: सदर प्रवाशास कोणताही त्रास दिला जात नव्हता, हा अर्जदाराचा गैरसमज होय.

दुपारी गिऱ्हाईक नसताना साडू आणि आक्का दुकानात आले. साडू युरियाच्या पोत्यावर बसले, आक्काला मी माझी खुर्ची दिली. मी वाचून दाखवलं. चांगलं वाचलं, आवाज न काढता. 'अत्यंत घाबरट' वाचताना मी साडूंकडं चोरून पाहिलं. ते मान डोलवत होते.

"लई बेस लिवलंय," ते म्हणाले. "घाबरलो तर व्हतोच. चक्कर बी ऱ्हाऊ द्या, आली असती अजून थोड्या येळानं. फकस्त ती शेवटची वळ काढा."

आक्का म्हणाली, "तीच तर ठेवायची हाय."

"त्याला त्रास न्हवता असं कसं लिवू?"

"कुनाला?"

"त्या पोराला."

 आक्का हळू आवाजात म्हणाली, "तुमाला त्या पोराचं नाव तरी ठावं हाय का?"

"न्हाई."

"आपल्या पोरीचं ठावं हाय न्हवं?"

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहिलो. साडू पोत्याची शिवण बोटानं चाचपत होते.

"त्याचा एक बूट निघालता," ते म्हणाले. "वाटेत पडला व्हता, माझ्या सीटपशी. मी उचलला. म्हनलं देऊ. तवर पोलीस आले, मला म्हनले चला. मी बूट खाली ठिवला. माझ्याच सीटवर ठिवला. पुढं त्याला कुनी दिला का न्हाई..." त्यांनी पोत्याची शिवण सोडली. "मी उठलो त्यानं त्याचं काय भलं झालं, मला ठावं न्हाई. नेला असंल त्याच इमानानं. आता मी लिवून दिलं की काईच झालं न्हाई, तर मंग त्यो तिथं व्हता असं तरी कोन म्हननार?"

बूट मला माहीत नव्हता. धोंड्याच्या दिवशी साडूंनी बूट सांगितला नव्हता, सत्कारात सांगितला नव्हता. माझ्या हातात हा बूट असता तर मी गोष्टीची सुरुवातच बुटापासून केली असती. पोरांना आधी विचारलं असतं, सांगा, विमानाच्या वाटेत एकच बूट कुणाचा? सगळ्या घराला रडवलं असतं. आणि या माणसानं इतके दिवस तो आपल्याजवळ ठेवून लोकांना हसवलं. मला त्यांच्या मिशांचा, गाईचा, बॅनरचा जितका हेवा वाटला नव्हता तितका त्या क्षणी वाटला. असा बूट मिळाला तरी आपल्याला तो गप्प ठेवता आला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

आक्का उठली. दाराशी जाऊन उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "खोडा ती वळ, पाव्हणं."

"आक्का, पण मग बंदी..."

"खोडा. आन् उभं ऱ्हायल्याची माफी मातर चांगली मागा. ती माझी बी हाय. मी शर्ट धरून बसवत व्हते, बसले न्हाईत."

मी ती ओळ खोडली. खोडल्यावर वरचा सगळा मजकूर विचित्र दिसायला लागला. चक्कर आलेला अत्यंत घाबरट इसम शेवटी म्हणत होता की मी जे पाहिलं ते पाहिलं. जुळेना. म्हणून चक्कर काढावी लागली. मग 'अत्यंत' काढावं लागलं. मग 'घाबरट'. प्रत्येक शब्द काढताना मला जिवावर आलं. राहिलं ते असं: विमान चालू असताना मी उभा राहिलो ही माझी चूक झाली, त्याबद्दल माफी मागतो. एका माणसाची मान दाबली जात होती व तो श्वास येत नाही म्हणत होता, म्हणून ते थांबवा असे मी म्हणालो. ते म्हणण्याबद्दल माफी मागत नाही. माझ्या हातून एवढा आखूड मजकूर आजवर लिहिला गेलेला नाही. साडूंनी खाली सही केली. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

समितीची सुनावणी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर झाली. साडू इस्त्रीचं धोतर नेसून आले, जे पडद्यावर दिसलंच नाही. समोरच्या साहेबांनी सभ्यपणे विचारलं की असा प्रसंग पुन्हा आला तर काय कराल. साडू म्हणाले, "बसूनच ऱ्हाईन, साहेब. पर गप बसनार न्हाई." साहेबांनी लिहून घेतलं. बंदी झाली. जास्तीची होणार होती ती कमी केली, असं निकालात होतं. पण बाळंतपण त्या बंदीच्या आतच येत होतं. आणि वकिलानं सांगितलं की बंदीच्या यादीतलं नाव दुसऱ्या कंपन्याही बघतात, धोका नको.

आता आक्काबरोबर कोण?

मी आठवण करून दिली नाही, पण माझा पासपोर्ट तयार होता. आम्ही नवरा-बायकोनं हौसेनं काढून ठेवले होते, कोरे करकरीत. मी मनातल्या मनात पट्टा लावूनही पाहिला होता. मागच्या रांगेत कुणी असेल तर बसल्या जागेवरून काय बोलायचं, वैमानिकाला निरोप कसा द्यायचा, हे सगळं मला वकिलाइतकंच पाठ झालं होतं. साडूंनी चूक केली ती मी टाळली असती. गोष्ट तीच, पण बिनचूक. सासरवाडीत बैठक बसली. सासरे म्हणाले, बाळंतपणात बापय माणूस काय करनार, डिंक तळनार? सगळे हसले. माझी बायको जाणार, असं ठरलं. तिनं माझ्याकडं बघून "तुमचं जेवणाचं बघा काहीतरी" एवढं म्हटलं आणि ती खारीक फोडायला बसली.

डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा असं सगळं बांधून दोघी बहिणी गेल्या. आम्ही दोघं साडू विमानतळाच्या काचेपर्यंत गेलो आणि परत आलो. साडू माझ्याकडंच मुक्कामाला राहिले, कारण त्यांना चूल जमत नाही आणि मला गॅस पेटवता येतो. मी पिठलं केलं. ते म्हणाले, बेस झालंय. झालं नव्हतं. चांगुलपणातही हा माणूस मला पुढं जाऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला, पोचलो म्हणून. मी विचारणार होतो की पट्टा लावता आला का, खिडकी मिळाली का, ढग खालून दिसतात तसेच वरूनही दिसतात का. साडूंनी माझ्या हातातून फोन घेतला. 

"बाई," ते म्हणाले, "मागच्या रांगेत कुनी व्हतं का?"

"बघून आले दाजी," माझी बायको म्हणाली. "दार लागायच्या आधी. पार शेवटपर्यंत जाऊन बघितलं. मोकळी होती रांग. मग येऊन पट्टा लावला."

 मी शेजारी कान लावून उभा होतो. बसस्टँडवर रिकाम्या गाडीतही मला विचारल्याशिवाय जागा न धरणारी ही बाई परक्या विमानात चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि परत आली. आता घरात विमानाच्या दोन गोष्टी झाल्या होत्या. एकही माझी नव्हती.

नात झाली तेव्हा साडू माझ्या ओट्यावर दाढी करत होते. फोन आला, व्हिडिओचा. साडूंच्या दोन्ही हातांना साबण, म्हणून फोन मी धरला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग आक्काचं कपाळ, मग लाल लाल, मिटलेलं, मूठभर तोंड. आक्का रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. लेकीचा दमलेला आवाज मागून आला, "बाबा, दिसतंय का?"

 अर्ध्या गालाला साबण, एक मिशी ओली. साडू नुसते पुढं वाकले. मग माझ्या हाताला कोपर लावून म्हणाले, "साडूभाऊ, जरा वर धरा. तुमचा अंगठा तिच्या डोक्यावर येतोय."

मी अंगठा काढला आणि हात वर केला. हात भरून आला, तरी बराच वेळ तसाच धरून ठेवला.